चार मार्चची मिस

५ मार्च, संध्याकाळ

चर्चमधल्या मिसचे, म्हणजे प्रार्थनाविधीचे, आठवणीचे मेसेज घरच्यांना पाठवणारा प्रोग्राम मी गेल्या आठवड्यात नव्या आवृत्तीवर नेला. जुनी आवृत्ती तारखेत दिवस आधी वाचायची, नवी महिना आधी वाचते. १७/४ अडली, कारण सतरावा महिना नसतो. तसल्या तारखा मी दुरुस्त केल्या. ४/३ अडली नाही. ती मुकाट तीन एप्रिल झाली. मी का नाही तपासली?

काल रोझीमावशीच्या नवऱ्याच्या पुण्यतिथीची मिस. फादरनी नाव वाचलं, तिचं बाक रिकामं. आज तिला गावी, आरोंद्याला, फोन केला.

"मेसेज इलो नाय, माका वाटलां माझीच तारीख चुकली."

नवरा गेल्याची तारीख ती विसरेल? माझ्यामुळे तिला स्वतःवरच शंका आली.

मी माफी मागितली. ती हळूच म्हणाली, "आता तूच सांग गो, माझो घोव खंयच्या तारखेक गेलो?"