टाचेचा नवस

धुळे, ६ जुलै १९८८

चि. सुकदेवास अक्काचे आशीर्वाद.

जळगावहून सुखरूप पोचले. तुझ्या हाडांच्या डॉक्टरांनी टाचेवर अंगठा दाबला तेव्हा मी ओरडले, हे तू बाहेर बसलेल्या साऱ्या पेशंटांना सांगितलंस म्हणे! कंपाउंडर झालास तरी चहाडखोरी गेली नाही.

त्यांनी घरातही मऊ चप्पल घाला म्हटल्यावर मी मान हलवली, पण खरी अडचण तिथे सांगितली नाही. टाच बरी होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा चैत्रात मी कानबाईला नवस बोलले आहे. हसू नकोस. सकाळी पहिलं पाऊल टेकताना डोळ्यांत पाणी येतं. बावीस ऑगस्टला कानबाईचं विसर्जन. लग्न झाल्यापासून दरवर्षी देवीचा चौरंग पांझरा नदीपर्यंत मीच डोक्यावर नेते. यंदा लंगडले तर तो मान धाकट्या जावेला, लिलाबाईला जाईल. ती आतापासून डोक्यावर घागर घेऊन अंगणात फेऱ्या मारते. ह्यांचं म्हणणं, माझं बठ्ठं ढोंग शे, सगळं सोंग.

लोभ ठेव, चेष्टा जरा कमी कर.

तुझी अक्का, पार्वता

जळगाव, ११ जुलै १९८८

ती. सौ. अक्कास, दुखरी टाच वगळून उरलेल्या पायावर सुकदेवचं डोकं.

तुझा नवस डॉक्टरांना सांगितला. ते इतके हसले की पुढच्या पेशंटचं प्लास्टर थांबलं. मग नीट समजावून म्हणाले, तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो ताणून ताणून दुखावला आहे. फोटोत हाड टोकदार दिसतं, पण तसं न दुखणाऱ्यांचंही असतं, त्याला घाबरू नये. पूर्वी तू चुलीपुढे बसून भाकरी थापायचीस. आता गॅस आला, ओटा आला आणि तू शहाबादी फरशीवर तासन् तास अनवाणी उभी! म्हणजे दुखणं जावं म्हणून तू दुखण्यालाच खुराक घालते आहेस.

उठण्याआधी अंथरुणातच टॉवेलने पायाची बोटं स्वतःकडे ओढ. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताण. तळव्याखाली बाटली फिरव. टाचेला बिब्ब्याचा चटका अजिबात नको. सहा आठवडे धीर धर, विसर्जनाला तेवढं अंतर अनवाणी चालशील.

राहिला नवस. माझ्या गोवराचा नवस आई बोलली आणि पायी फेडला आबांनी, आठवतं ना? तसा दाजींनी तुझा घ्यावा. पाय कोणाचे, यावर देवीची हरकत नसावी.

आहे तो लोभ दाजींपासून लपवून ठेव.

सुकदेव

धुळे, १९ जुलै १९८८

चि. सुकदेवराव यांस आशीर्वाद, नाइलाजाने.

तुमचं पत्र हिने चारचौघांत वाचून दाखवलं. मी काही बोलायच्या आत माझ्या थोरल्या आत्या कलाबाई यांनी माझ्या चपला उचलून माळ्यावर टाकल्या. काल वखारीपर्यंत अनवाणी गेलो. फरशी किती कठीण असते ते कळलं. हिचं ढोंग नव्हतं, एवढं मान्य.

तुम्ही इकडे येऊ नये. आल्यास चपला बाहेर काढाव्यात, मी वाट पाहतो आहे.

वना

धुळे, २६ ऑगस्ट १९८८

चि. सुकदेवास दोन्ही पायांवर सरळ उभ्या असलेल्या अक्काचे आशीर्वाद.

कानबाई मीच नेली, पांझरेपर्यंत, फुगड्यांसकट! लिलाबाईने पुढच्या वर्षीसाठी घागर उतरवून ठेवली. रोज टॉवेल ओढला, बाटली फिरवली, ओट्याशी मऊ चप्पल घातली. टाच आता दुखत नाही.

पण हे ह्यांना सांगितलेलं नाही. विसर्जनाला देवीनेच चालवलं, असं म्हणून वेळ मारून नेली. अरे, बावीस वर्षं हे बाजारात दहा पावलं पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे धावते. आता हे अनवाणी, खडे चुकवत माझ्या बरोबरीने चालतात. काल तर मेथीचा भाव मला विचारला! मधेच वळून पाहिलं की मी थोडी लंगडते. मग पिशवीही घेतात. मला फार सुख वाटतं रे.

घरी आल्यावर त्यांचे पाय गरम पाण्यात ठेवते, पाप लागायला नको. कानबाईला सगळं खरं सांगितलं आहे. पोळ्यापर्यंत तू मात्र गप्प राहा.

तुझी लबाड अक्का