नवव्या पानावरचं उणे

लाडक्या सोन्या,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तुझा पहिला शोधनिबंध मी स्वच्छ उतरवत होते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी घोटून घेतलेलं माझं अक्षर तुला फार आवडायचं. नवव्या पानावर मी विचारलं, "इथे उणे हवं ना रे?" मित्रांसमोर तू हसलास. "ताई, तू वळणदार अक्षर काढ, क्वांटमचं आम्ही बघतो."

सकाळी गावाला जाताना तू टेबलावर चिठ्ठी ठेवलीस. "ताई, तुझंच बरोबर. उणे घाल आणि पाठव." मी ती फाडली आणि निबंध होता तसाच पाठवला.

त्या एका चिन्हाने उत्तर उलटं झालं. भर सभेत तुझं हसं झालं, नोकरी गेली. दोन वर्षांनी तेच उत्तर दुसऱ्याने बरोबर मांडून नाव कमावलं. तू जन्मभर शिकवण्या घेत राहिलास. चिठ्ठी मिळालीच नाही, असं मी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

काल फोनवर तू विचारलंस, "ताई, मी चिठ्ठी खरंच लिहिली होती का गं? की माझं डोकं तेव्हापासूनच ठिकाणावर नव्हतं?"

"नसेल लिहिली, बाळा," मी मायेने म्हणाले. "आता कशाला आठवतोस?"

तुझ्यावर जीव असलेली,
ताई