ताईसंगं सातवा भाग

भाऊ,

मी चंद्रपूरले चालली. त्या भुताच्या सिनेमाचा सातवा भाग लागला आहे, बारा वर्षांनी. आपली रंजीताताई टॉकीजपाशी भेटणार आहे. तिनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हापासून तू तिचं नाव घेऊ देत नाई, म्हणून काल तुले सांगतलं नाई. पण पहिले सहाही भाग आपण तिघांनी एका चादरीत बसून पाहिले, आन् भूत आलं का तूच आधी डोळे झाकायचा. ताईशिवाय हा मले पाहवणार नाई.

भात गंजात झाकून ठेवला आहे. मासोळीचं कालवण गरम करून घेजो.

संध्याकाळच्या भद्रावतीच्या बसनं तिले घरी घेऊन येईन. जावईबी येतील. त्यायच्याशी बोलायचं नसन तर नको बोलू, पण दार तूच उघडजो.

साधना