अकरा मिनिटं वीस सेकंद

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी साडेसात.

कॉम्प्युटर चालू व्हायला ११ मिनिटं २० सेकंद. आजपासून नोंद ठेवणार. स्टॉपवॉच कारखान्याचं आहे, त्यामुळे मोजण्यात चूक संभवत नाही. बत्तीस वर्षं गेटवर टाइमकीपर होतो. निवृत्तीच्या दिवशी स्टॉपवॉच परत करायचं राहून गेलं. दहा मिनिटं उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापायचो. मेहुण्याचाही कापला. आता हे मशीन माझ्याच घरात बसून उशिरा येतं.

जानेवारीत जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. खोक्यावर छापलंय, दहा सेकंदांत तयार. खोकं जपून ठेवलं आहे. पुरावा. पहिला आठवडा खरंच दहा सेकंदांत लागायचं. मग काय झालं कळत नाही. त्याच आठवड्यापासून मी खबरदारी म्हणून कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाच्या बटणाने बंद करायला लागलो, म्हणजे काळजी घेण्यात माझी कसूर नाही.

आजचा डाव हरलो. दादा ४२, मी ४१.

सात वाजता बटण बंद. दोनदा तपासलं.

४ मार्च, मंगळवार.

काल घाईत नीट लिहिलं नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार वाजता, इंटरनेटवर दादाशी बुद्धिबळ. प्रत्येकाला वीस मिनिटं. पांढरं माझं, कारण धाकट्याला पांढरं हा आमचा लहानपणापासूनचा नियम. त्यामुळे चार वाजले की माझं घड्याळ पळायला लागतं. अकरा मिनिटं मशीन खातं. उरलेल्या आठ-साडेआठ मिनिटांत काय खेळणार, कप्पाळ.

आधी पन्नास डाव जिंकेल तो जिंकला. हरेल त्याने दुसऱ्याच्या घरी यायचं. ही अट दादानेच मागच्या वर्षी खेळाच्या खिडकीत टाइप केली. सहा वर्षांत तेवढंच बोलला.

मी जाणार नाही. राग वगैरे काही नाही. काहीच नाही. पण जाणार नाही.

ही म्हणाली, अहो मग पावणेचारलाच लावून ठेवा की. हिला तत्त्व कळत नाही. एसएसडी असताना पाव तास आधी बसायचं म्हणजे मशीनचा उशीर आपण स्वतःच्या नावावर घ्यायचा.

बटण बंद.

७ मार्च, शुक्रवार.

इंटरनेटवर वाचलं, स्टार्टअपची यादी उघडा आणि अनोळखी प्रोग्रॅम बंद करा. सतरा नावं होती. ज्यांना मी ओळखत नाही ते सगळे बंद केले. सोळा.

११ मिनिटं ३५ सेकंद. आवाज गेला. बुद्धिबळाला आवाज लागत नाही.

बुधवार हरलो, आज हरलो. दादा ४४.

९ मार्च, रविवार.

मशीन उघडून दात घासायच्या ब्रशने साफ केलं. ब्रश हिचा निघाला. दिवसभर बोलली नाही, मग रात्रीचं जेवण वाढताना एकदम म्हणाली, सख्ख्या भावाकडे जायला तुम्हाला पन्नास डाव लागतात होय?

तिला आठवण करून दिली. पुतणीच्या लग्नाची बोलणी. घरभर माणसं. मी फक्त म्हणालो की मुलाच्या पगाराचा कागद बघून घ्या. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, तू गप, सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने कागदाच्या गोष्टी करू नयेत. लोक हसले. मीही हसलो. पुन्हा गेलो नाही.

ही म्हणाली, मुलगा चांगला निघाला ना पण. तो मुद्दाच नाही.

१२ मार्च, बुधवार.

११ मिनिटं २२ सेकंद. हरलो. दादा ४६, मी ४१.

दादा आज चिडलेला होता. चिडला की तो वजीर लवकर बाहेर काढतो, दहा वर्षांचा असल्यापासून. सोमवारी मात्र उदास होता, सगळी प्यादी एकमेकांना चिकटवून बसला होता. समोर बसायची गरजच काय? माणूस तोंड फिरवेल, पण खेळणारा हात मी अंधारातही ओळखेन.

दुपारी त्याच्या घरून फोन आला. नंबर बघितला, उचलला, राँग नंबर म्हणालो आणि ठेवला. मागच्या महिन्यातही असंच केलं होतं. जे बोलायचं ते पटावर.

१४ मार्च, शुक्रवार.

दादा ४७. एसएसडीच्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. दोन पानं झाली, अजून कॉम्प्युटर बंद करण्यापर्यंतच आलो आहे. त्याचं असं झालं की, संध्याकाळी एकदा बंदच्या खुणेवर दाबलं होतं तर निळ्या पडद्यावर आलं, काम चालू आहे, कृपया बंद करू नका. बंद करू नका म्हणणाऱ्या यंत्राला आधी बंद करावं, हे कारखान्यात शिकलो. तेव्हापासून बोर्डावरचं बटणच दाबतो. पत्रात हे ठळक लिहिलं आहे, म्हणजे आपण किती दक्ष ते त्यांना कळेल.

हिने दुरुस्तीवालीला बोलावलं आहे. मला न विचारता.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ११.

दुरुस्तीवाली बाई येऊन गेली. पन्नाशीची, चष्मा डोक्यावर. पाच मिनिटं नुसती बघत बसली. मग म्हणाली, काका, तुम्ही हा बंद कसा करता?

बोर्ड दाखवला.

तिने बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. ही छताकडे बघत होती.

बाई म्हणाली, हा काय पंखा आहे का काका? ती म्हणाली की मशीन बंद होताना आपली आवराआवर करतं, अपडेट बसवत असतं, आणि मी रोज मध्येच त्याची वीज काढतो. दुसऱ्या दिवशी ते आधी काल काय मोडलं ते तपासतं, अर्धवट अपडेट उसवतं, मग उठतं. दोन महिने रोज. अकरा मिनिटं त्यात जातात. तुमची एसएसडी बिचारी ठणठणीत आहे, म्हणाली, दुसरी असती तर पळून गेली असती.

मूळ दोष अपडेटचा, असा निष्कर्ष निघतो. माझा अंदाज साधारण तसाच होता. बंद केलेल्या सोळापैकी सात बरोबर होते असंही ती म्हणाली. सात बरोबर.

आवाज परत आला.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

१३ सेकंद! तीनदा मोजलं.

चारला पहिली चाल केली. काळ्याचं उत्तर ४ वाजून १२ मिनिटांनी. मी जिंकलो, त्याची वेळ संपली म्हणून. मी ४२.

बंदच्या खुणेवर दाबून खुर्चीत बसलो. निळा पडदा गेला, दिवा विझला. मग उठलो. बोर्डाला हात लावला नाही. तासाभराने एकदा लावला, नुसता.

२१ मार्च, शुक्रवार.

जिंकलो. बुधवारीही जिंकलो. मी ४४. दादाचं उत्तर रोज अकरा-बारा मिनिटांनी येतं आहे. आता त्याचं मशीन बिघडलं! खेळाच्या खिडकीत टाइप करणार होतो की दादा, बोर्डावरून बंद करत जाऊ नकोस. केलं नाही. शिकलेल्या माणसाला सातवीवाल्याने काय सांगायचं.

२४ मार्च, सोमवार.

हरलो. हातात वीस मिनिटं असली की मी फार विचार करतो, आणि विचार करण्याची माझी सवय नाही. दादा ४८. हा एक अपवाद.

२ एप्रिल, बुधवार.

चार डाव लागोपाठ. ४८-४८.

दादा घाईत खेळतो आहे. मध्येच हत्ती नुसता सोडून दिला, जसं कुणी स्वयंपाकघरातून हाक मारल्यावर उठून जावं. दादाला कोण हाक मारणार. सगळं घर त्याच्या हाकेवर चालतं. वय झालं, दुसरं काय. पंच्याहत्तर.

मला बरं वाटायला हवं. तसं काही वाटत नाही. पण वाईटही वाटत नाही.

७ एप्रिल, सोमवार.

पन्नास!

दादा ४८वर राहिला. अट त्याची, शब्द त्याचा. सहा वर्षांत पहिल्यांदा खिडकीत टाइप केलं: रविवारी ये. सकाळी दहा. एवढ्याला बारा मिनिटं लागली, पण बोट चुकलं नाही. उत्तर आलं नाही. म्हणजे कबूल.

ही म्हणाली, आधी फोन तरी करा. म्हटलं, तो शब्द मोडणार नाही. तो काहीही असेल, उशिरा येणारा नाही.

१२ एप्रिल, शनिवार.

उद्याची तयारी. दादाला गुडघ्यांचा त्रास, म्हणून हातांची खुर्ची बाहेरच्या खोलीत. पट धुतला. पांढरा उंट सापडत नाही, त्या जागी बाटलीचं बूच.

त्याला काय म्हणायचं ते कागदावर लिहिलं.
बस.
पाणी?
प्रवास कसा झाला.
सातवीचा विषय त्याने काढला तर काढायचा. नाही काढला तर मी काढायचा, पण हसत.

१३ एप्रिल, रविवार.

१०.०० नाही.
१०.१० नाही. गेटवर असतो तर अर्धा दिवस कापला असता.
११.३० ही म्हणाली, जेवून घ्या. नको म्हटलं.
२.०० जेवलो.
५.०० खुर्ची आत ठेवली.
काही वाटलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार.

चार वाजता मशीन लावलं. डाव नव्हताच, सवयीने. १३ सेकंद. खिडकीत चार ओळी होत्या.

भाऊजी, यांना यायला जमणार नाही. अट मी घातली होती, यांनी नाही. हरला असतात तर तुम्ही आला असतात. आता जिंकूनही तुम्हीच या. वहिनी.

हिला वाचून दाखवलं. तिने माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार.

जाऊन आलो. दोन बस. दार वहिनींनी उघडलं. केस पूर्ण पांढरे. म्हणाल्या, या, आणि चपला आतच काढा, बाहेर ठेवल्या की हे कुणाच्याही घालून चालायला लागतात.

दादा खिडकीपाशी बसला होता. दाढी केलेली, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. माझ्याकडे बघून उठला. म्हणाला, मीटर बघायला आलात का?

कागद खिशात होता.

हो म्हणालो.

मग त्याने मला पॅसेजमध्ये मीटरपाशी नेलं. मी चष्मा लावून आकडा वाचला आणि त्याला सांगितला. तो म्हणाला, बरोबर आहे, लिहून घ्या. कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतला. ४८१७. माझं अक्षर बघून म्हणाला, छान आहे, कितवीपर्यंत शिकलात?

सातवी म्हणालो.

म्हणाला, पुष्कळ झालं.

वहिनींनी आत सगळं सांगितलं. दीड वर्ष झालं. आधी पैसे कुठे ठेवले ते विसरला, मग रस्ता, मग मुलगी. बुद्धिबळ सगळ्यात शेवटी गेलं. तेव्हा त्याच्या जागी त्या बसल्या. आधी घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं, नातवाच्या पुस्तकातून शिकल्या. अटीतले सगळे डाव त्यांचेच. म्हटलं, मग आधी कळवायचं नाही का. म्हणाल्या, दोनदा फोन केला भाऊजी. दोन्ही वेळा राँग नंबर लागला.

मी भिंतीकडे बघितलं.

वहिनी हसल्या. म्हणाल्या, वजीर लवकर काढायची माझी खोड तुमच्या लक्षात आली असेल. म्हटलं, हो, आली होती.

मग म्हणाल्या, एक विचारू? तुम्ही जानेवारीपासून उशिरा यायचात ते फार सोयीचं पडायचं. चारला यांची गोळी असते. चहात बिस्किट बुडवून, त्यात लपवून, एकेक घास. दहा-अकरा मिनिटं जातात. तुमची चाल यायची तेव्हा यांचं तोंड पुसून झालेलं असायचं. म्हटलं, भाऊजींना आपोआप कसं कळतं. मार्चपासून तुम्ही एकदम चारच्या ठोक्याला. काय झालं?

मशीन दुरुस्त केलं म्हणालो.

अच्छा, म्हणाल्या.

निघताना दादा दारापर्यंत आला. म्हणाला, पुढच्या महिन्यात वेळेवर या.

१६ एप्रिल, बुधवार.

नवी मोजणी. १३ सेकंदांत मशीन लागलं. चार वाजले, माझं घड्याळ पळायला लागलं. स्टॉपवॉच लावून मांडीवर ठेवलं.

ही आतून आली. म्हणाली, अहो चालू तर झालंय, मग नुसते बसलात काय? म्हटलं, एसएसडीचं काही सांगता येत नाही. तिनेही एक खुर्ची ओढली.

अकरा मिनिटं वीस सेकंद झाल्यावर राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे केलं. उत्तर लगेच आलं.

हरलो. वहिनी १, मी ०.