सात वाजताचा पेला

प्रिय ताई,

तीन दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. दाढ दुखतेय म्हणून सांगितलं, तीही थापच. म्हणजे खोटं आपण दोघंही बोललो. फक्त तुझं आठ महिन्यांचं आहे.

मंगळवारी डॉक्टरांकडे गेलो होतो. म्हणाले, यकृतावर ताण येत होता म्हणून दारू सोडवायची गोळी बंद केली, त्याला आठ महिने झाले, तरी टिकलात, शाबास! मला हे ठाऊकच असणार, असं त्यांना वाटलं. मी मान डोलावली. घरी मी समजावून सांगते, असं तू त्यांना म्हणाली होतीस म्हणे. काय समजावलंस? रोज सकाळी सात वाजता गोळी चुरून पाण्यात ढवळायचीस, पेला संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस आणि वर बजावायचीस, यावर एक घोट जरी घेतलास तर ओकून ओकून मरशील, मग माझ्या नावाने बोंबलू नकोस. मंगळवारी तुझ्या खोलीतला डबा उघडून पाहिला. तुझ्याच गुडघ्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या! लोकांना चष्मे करून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या नाकाखालचं दिसलं नाही. हाडं तेवढी मजबूत झाली असतील.

हसू नकोस. माझा सगळा दिवस त्या पेल्यावर उभा होता. तो रिकामा केला की अंथरूण आवरायचं, बारचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने दुकानात जायचं, पहिली काच घासताना हात थरथरतो का बघायचं, डायरीत ‘आज नाही’ लिहायचं. जुने दोस्त आग्रह करायचे तेव्हा मी ऐटीत सांगायचो, बाबांनो, मी प्यायलो तर मरेन.

राग नेमका कशाचा, हे डायरीत तीनदा लिहून खोडलं. तू खरं सांगितलं असतंस तर त्याच संध्याकाळी मी बारमध्ये असतो, हे मला माहीत आहे. तुझं चुकलं नाही. पण तेच लागतं गं. तू मला पुरतं ओळखून होतीस. स्वतःच्या बळावर राहिलात, असं डॉक्टर म्हणतील. मी भीतीच्या बळावर राहिलो, आणि ती भीती तू रोज ताजी करून दिलीस. बुधवारी, काल आणि आजही मी तुझा पेला मुकाट्याने प्यायलो. बोललो असतो तर उद्यापासून तोही बंद झाला असता.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. आज दुपारी मी जवळच्या रस्त्याने गेलो आणि बाटली घेतली. आता काही होणार नाही ना मला! अजून फोडलेली नाही. दुकानातल्या कपाटात, फ्रेमच्या खोक्यांमागे आहे. दुकानाची आणि कपाटाची, दोन्ही किल्ल्या या पाकिटात घातल्या आहेत. उद्या मी उठायच्या आत जा आणि ओतून टाक. मला सोबत नेऊ नकोस. तुझ्यावर माझा विश्वास उरलेला नाही, ताई. पण किल्ल्या कुणाकडे द्याव्यात म्हटलं तर दुसरं कुणी आठवेना.

तुझाच, अजून रागावलेला,
धाकटा