दाखल्यातली नवरी

मंगळवार, ता. १२

प्रिय छोट्या,

सलाम. आता तुला पाळकसाहेब म्हणायला हवं, पण टक्कल पडलं तरी तू माझा छोट्याच, तेव्हा रागावू नकोस. माझी भावजय बरी आहे ना? धाकटीची अक्कलदाढ आली का? तिला म्हणावं, आत्या विचारतेय, दाढेबरोबर थोडी अक्कलही आली का.

माझं ठीक चाललंय. गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना बोंबच मारतो. नवी खोली लहान आहे, पण सकाळचं ऊन येतं. चर्चचं काम तेच: झाडणं, बाकं पुसणं, गाण्याची पुस्तकं मांडणं, आणि लग्न असलं की दिवे.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. दमलेय रे. कामाने नाही, कामाची सवय आहे. नुसतीच दमलेय.

शनिवारच्या लग्नाची फजिती सांगते आधी. बाबा इथे पाळक असताना त्यांनी घातलेली पद्धत अजून चालते. येशूने सांगितलेल्या दहा कुमारींच्या दाखल्याचे दहा काचेचे दिवे वेदीपुढे ठेवायचे. जास्तीचं तेल जवळ ठेवणाऱ्या पाच शहाण्यांचे आधीपासून जळते, आणि तेल संपलेल्या पाच मूर्खांचे विझलेले. वचनं झाली की नवराबायकोने ते विझलेले पाच लावायचे. दाखल्यात नवरा मध्यरात्री येतो आणि मूर्ख पोरी तेल विकत आणायला गेलेल्या असताना दार बंद होतं, म्हणून बाबा म्हणायचे, निदान आपल्या चर्चमध्ये तरी कुणी दाराबाहेर राहायला नको. तुला आठवत असेलच, दिव्यात खाली पाणी असतं, वर तेल आणि तेलावर तरंगती वात.

तर त्या पाच दिव्यांत मी नुसतंच पाणी भरलं. तेलाची बाटली तशीच फडताळात राहिली.

नवऱ्याने पहिली वात लावली, चर्र झालं आणि विझली. दुसरी, तेच. बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. नवरी तोंडावर फुलं धरून खुदुखुदु हसत होती, गुणाची पोर. पण नवऱ्याच्या मावशीचं तोंड असं झालं की जणू कुणाला पुरायला आलीय. मग आमच्या नव्या पाळकांना सुचलं. त्यांनी जळत्या दिव्यांतलं तेल थोडं थोडं काढून त्या पाचांत ओतलं. सगळ्यांनी काय टाळ्या वाजवल्या! आणि शेवटचं गाणं निम्म्यावर यायच्या आत दहाच्या दहा दिवे विझले.

लहानपणी मला त्या शहाण्या पोरी अगदी आपमतलबी वाटायच्या. मैत्रिणीने थोडं तेल मागितलं तर म्हणतात, आमच्याकडचं तुम्हाला आणि आम्हाला पुरायचं नाही. परवा चिमट्याने त्या वाती काढताना वाटलं, खरं तेच बोलत होतात गं बायांनो तुम्ही.

आपण खेळायचो ते आठवतं का? डोक्याला टॉवेल गुंडाळून तू नवरा व्हायचास आणि स्वयंपाकघरात शिरून कडी लावायचास. मूर्ख कुमारी कायम मीच. मी दार बडवायचे आणि तू आतून बाबांच्या आवाजात म्हणायचास, मी तुला ओळखत नाही. एकदा तू कडी काढायलाच विसरलास आणि मी रडून रडून तिथेच झोपले, तर आईने तुला बदडलं होतं.

असो. तुझ्या पत्राकडे वळते, किती टाळणार?

तू लिहितोस की प्रार्थनासभेत माझा नवरा तुला भेटला, तुझ्या पाया पडला, ढसाढसा रडला. पस्तावलाय म्हणतोस. असेल. होशेय संदेष्ट्याची बायको दुसऱ्यांच्या मागे गेली, तरी त्याने तिला परत आणलं, तसंच मीही करावं म्हणतोस. देव नवरा आणि त्याची माणसं ही त्याची बायको. बायको कितीही भरकटली तरी नवरा तिला टाकत नाही. फार सुंदर लिहिलंयस, अगदी बाबांसारखं. वाचताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

पण अरे, या हिशेबाने तो ती बायको झाला आणि मी देवाच्या जागी आले की रे! देव दमत नाही, छोट्या. मी दमते. तुझी धाकटी जन्मली त्या वर्षी तो त्या बाईबरोबर गेला. आता तिला अक्कलदाढ यायची वेळ झाली. तेवढी वर्षं जुन्या घराच्या जिन्यातला दिवा मी रोज चालू ठेवला. शेजाऱ्यांना वाटायचं, ही चोरांना घाबरते. मीही तसंच सांगायचे. कुणासाठी होता तो, ते तुलाही कधी बोलले नाही. घर सोडलं त्या दिवशी तो बंद केला आणि नव्या जिन्यात लावलाच नाही. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. छान झोप लागली.

आणि एक विचारायचंय, तू जास्त शिकलेला आहेस म्हणून. त्या दहा कुमारींच्या दाखल्यात नवरी कुठे आहे? नवरा आहे, करवल्या आहेत, तेल विकणारेसुद्धा आहेत. मी पुन्हा शोधलं. नवरीच नाही. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या लग्नातही ती दिसली नाही मला. माझ्या नजरेतून सुटली असेल तर सांग. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की तिला कुणी काही विचारलं का.

आता शुक्रवारचं सांगते, म्हणजे शनिवारी तेल का विसरले ते कळेल.

तो आला होता.

मध्यरात्र वगैरे काही नव्हती, चांगली दिवेलागणीची वेळ. मी कांदा चिरत होते. दार वाजलं. मी विचारलं, कोण?

"अगं, मी."

"मी कोण?"

"आवाज नाही ओळखलास?"

आणि मी म्हटलं, "मी तुम्हाला ओळखत नाही."

देवाशप्पथ, टोमणा नव्हता रे. मला खरंच ओळखू आलं नाही. बसका आवाज, मधेच खोकला. कुणी चुकून आलंय असं वाटलं. मग त्याने मला हाक मारली, त्याची जुनी हाक, आणि मी सुरी खाली ठेवली. तो म्हणाला, "तू माफ केलंयस असं पाळकांनी सांगितलं. म्हणून आलो."

छोट्या, या खोलीचा पत्ता फक्त तुझ्याकडे होता. तू तो दिलास, एक वेळ चालेल. पण माझी माफीसुद्धा तूच देऊन टाकलीस? मला न विचारता? तुला मोठा पाळक नेमणार आहेत, आणि बहिणीचं हे असं, लोक विचारतात, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. लिहायला हवं होतंस. मला कमी राग आला असता.

मी साखळी न काढता दार किलकिलं केलं. म्हातारा झालाय. कॉलर विरलेली. मला रडू आलं, ते त्याच्यासमोरच. प्रेम आहे का अजून, तर आहे, मेलं कुठे जातंय? पण घरात घेण्याइतकं नाही. तेल माझ्यापुरतं आहे, तेही कसंबसं. चहा केला. कप फटीतून जाईना म्हणून अरुंद पेल्यात ओतून दिला. जिन्यात बसून प्यायला. खोकत होता. मी आत दाराला पाठ लावून बसले होते. मग मी म्हटलं, इथे नाही. पण तुम्हाला घरात घेणारा एक माणूस मला माहीत आहे. मनाने फार मोठा आहे.

तुझा पत्ता लिहून फटीतून दिलाय. तुझ्या घरी वरची खोली रिकामीच असते. गाड्या बदलत जाणार म्हणाला, वाटेत भाच्याकडे थांबून. हे पत्र त्याच्या आधी पोचावं अशी माझी इच्छा आहे.

त्याला थंड पाणी देऊ नकोस, खोकला वाढेल. रात्री दोन उश्या लागतात. फार उपदेश करू नकोस, ऐकताना झोपतो. तो टॉवेल गुंडाळून केलेला खेळ मी विसरले नाही, तूही विसरू नकोस. तो दार वाजवेल तेव्हा आतून बाबांचा आवाज काढू नकोस. कडी काढ.

भावजयीला माझ्या वतीने सॉरी म्हण. तिलाही कुणी विचारलं नाहीये.

दार आतून लावून निवांत बसलेली,
तुझी ताई