मम्प्सिमस बंगला आणि अर्धा कोश

मी, भिवाजी बहिरू रानवडे, वय वर्षे ७४, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार मौजे नांदे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. कौस्तुभ यांनी दिला आहे. माझी पत्नी अनसूया हिचे मत वेगळे आहे, पण ती डॉक्टर नाही.

कलम १. माझा स्वकष्टार्जित बंगला ‘मम्प्सिमस’ मी अनसूयेस देतो, तिच्या पश्चात मुलगा अभय यास. दारावरची, बंगल्याचे आणि त्याखाली माझे नाव कोरलेली संगमरवरी पाटी कोणीही काढू नये. पार्सलवाल्या मुलांना नाव वाचता येत नाही, ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

कलम २. मागच्या भाड्याच्या दोन खोल्या अभयला. खोल्यांना मी नंबर न देता कोशातले शब्द दिले आहेत, ते बदलू नयेत. पहिली ‘अ‍ॅब्लिगुरिशन’, म्हणजे खाण्यापिण्यात पैसा उधळणे. तिथल्या पोरांनी अजून गॅस पेटवलेला नाही. दुसरी ‘फजेल’, म्हणजे काम केल्याचा देखावा करणे. तिथला भाडेकरू घरून काम करतो.

कलम ३. अनसूयेच्या धाकट्या बंधूंना ‘ग्रोक’ हा एक शब्द देतो. अर्थ: जेवणाऱ्याकडे, आपल्यालाही मिळेल या आशेने, टक लावून बघत राहणे. याखेरीज त्यांना काही देऊ नये.

कलम ४. आता कोश. आमचे वडील, म्हणजे आबा, धरणावरच्या एका साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याने आपला जाडजूड जुना इंग्रजी कोश आबांना दिला. आबांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला आणि दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिले. ‘ए’ची पाने अजून पिवळी आहेत.

आबा गेल्यावर १९९२ साली माझी आणि धाकटा भाऊ नरहरी याची वाटणी झाली. शेत, बैल, तपेली, सगळे निम्मे निम्मे. कोश मला मिळावा असे मी म्हणालो, कारण मी शिक्षक. नरहरी म्हणाला, “मला बी पायजे. आबाचं हाय ते.” मी चारचौघांत म्हणालो, “तुला काय कळतंय त्यातलं?” तो म्हणाला, “कळत न्हाई म्हणूनच पायजे.”

पंचांनी सुतार बोलावला. पुठ्ठा करवतीने कापला. दोन्ही भाग आंबे तोलायच्या तराजूत घातले आणि पारडी सारखी होईपर्यंत पाने इकडची तिकडे केली. पुढचा भाग मला आला, मागचा नरहरीला. त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. त्याची बायको रंभाबाई आणि अनसूया मात्र कुंपणावरून रोज कालवणाची वाटी देतात घेतात. माझ्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी ‘एन’पासून पुढे कच्चे राहिले, त्याचेही कारण हेच.

माझ्या शेवटच्या पानावरचा शेवटचा शब्द ‘मम्प्सिमस’. त्याचा अर्थ असा सुरू होतो: ‘ज्याला त्याची चूक दाखवून दिली असता जो…’ आणि पान संपते. पुढचे नरहरीकडे. शाळेतल्या छोट्या कोशात हा शब्द नव्हता. अभय मोबाइलवर बघून सांगतो म्हणाला, मी त्याला गप्प बसवले. मोबाइलमधला अर्थ आबांच्या देव्हाऱ्यातला नव्हे.

पुढचे मी माझ्या बुद्धीने पूर्ण केले: चूक दाखवताच जो ती हात जोडून मान्य करतो, असा थोर मनुष्य. म्हणून बंगल्याला हे नाव दिले. वास्तुशांतीला लाउडस्पीकरवरून मी अर्धा तास हा अर्थ समजावून सांगितला. तेव्हा कुंपणापलीकडे नरहरी फार मोठ्याने हसला, असे अनसूया सांगते. त्याला ठसका लागला असावा.

कलम ५. चारचौघांत मी जे बोललो ते बोलायला नको होते. धाकटा भाऊ बापाची आठवण मागत होता आणि मी त्याची अक्कल काढली. मला याचे वाईट वाटते. हे तोंडाने सांगायला मी तीन वेळा कुंपणापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा शेवग्याच्या शेंगा तोडून परत आलो.

कलम ६. माझा अर्धा कोश मी नरहरीस देतो. वकील तृप्तीताई म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून साक्षीदाराची पहिली जागा मी नरहरीसाठी मोकळी ठेवली आहे. कोश नको असेल तर त्याने तिथे सही करावी. मग माझा भाग शाळेला जाईल. हवा असेल तर ‘मम्प्सिमस’चा उरलेला अर्थ तिथे स्वहस्ते लिहावा. मला तो जिवंतपणी वाचायचा आहे. हा कागद अनसूया रंभाबाईकडे कालवणाच्या वाटीखाली पोहोचवील.

येणेप्रमाणे लिहिले ते मला वाचता येते आणि मान्य आहे.

ठिकाण: नांदे, ता. मुळशी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: भि. ब. रानवडे

साक्षीदार:

१. नरहरी बहिरू रानवडे (नाव खोडले आहे. खाली निळ्या शाईत:)

दादा, सही करत न्हाई. पुस्तक पायजे. राहिलेलं असं हाय: ‘…तरी ती सोडत नाही, आणि तीच बरोबर म्हणून जन्मभर मिरवतो, असा हेकट मनुष्य.’ इतक्या वर्सांत तेवढं इंग्रजी शिकलो, मराठी मी केलंय, चुकलं आसंल तर तपास. वास्तुशांतीलाच सांगणार हुतो, पर तू माइकवर लई खूश दिसत हुतास.

२. डॉ. कौस्तुभ शिंदे, नांदे (सही)

३. ओम जाधव, नेरे (सही)

ताजा कलम: नरहरीच्या ओसरीवर बसून, दोन्ही भाग शेजारी ठेवून तपासले. त्याच्या मराठीत एकही चूक नाही. पाटी तरीही काढू नये. तिच्यावर माझ्या नावाखाली नरहरीचेही नाव कोरावे, कारण तेहतीस वर्षे तोही बोलायला आला नव्हता.

भि. ब. रा.